शलाका साळिंदरच्या एकतीस शाली

एका जंगलात, मुलांनो, इंग्रजीला फार मान होता. इतका मान, की ती कुणी बोलत नसे. तुमच्या घरात नाही का, काचेचे चांगले कप कपाटात असतात आणि चहा स्टीलच्या पेल्यातून मिळतो, तसंच.

हे जंगल कुठे होतं ते विचारू नका. मी सांगेन आणि तुम्ही सुट्टीत तिथे जायचा हट्ट धराल. एक खाडी होती, अलीकडे जंगल होतं, पलीकडे एक बेट होतं. एवढं पुरे.

तर या जंगलात कधीतरी माणसं आली होती आणि सतरा पाट्या लावून गेली होती. सगळ्या इंग्रजीत. माणसं गेली, पाट्या राहिल्या. वाचता कुणालाच येईना, म्हणून सगळे प्राणी पाटी दिसली की मान लववून पुढे जात. वडाखालच्या पाटीला तर सांबरांचा कळप रोज सकाळी कोवळं गवत वाहायचा. अकरा वर्षं.

मग शलाका नावाची एक साळिंदर इंग्रजी शिकली. तिच्या बिळाबाहेर माणसांच्या पोरांचं एक चित्रांचं पुस्तक पडलं होतं. साळिंदरं सगळंच कुरतडतात, तसं तिने ते कुरतडायला घेतलं. चव बरी लागली म्हणून चवीने खाऊ लागली, आणि खाता खाता वाचायला लागली. मागची पानं संपायच्या आत तिला इंग्रजी आलं.

तिने एका पावसाळ्यात सतराच्या सतरा पाट्या वाचून काढल्या. सांबरांना तिने सांगितलं की तुमच्या पाटीवर 'स्वच्छतागृह डावीकडे' असं लिहिलंय. सांबरं दोन दिवस उदास होती. तिसऱ्या दिवसापासून ती डावीकडे तोंड करून गवत वाहू लागली.

त्याच वर्षी शलाकाची शाळा संपली. साळिंदरांच्या घरात शाळा संपली की कंद उकरायला लागतात. तिच्या आईने तिच्यासाठी ओढ्याकाठची चांगली भुसभुशीत जागा हेरूनही ठेवली होती. पण शलाका म्हणाली, मला एक वर्ष थांबायचंय. कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय. बाहेरदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचंय.

"वर्ष?" आई म्हणाली. "आणि कंद काय तुझ्यासाठी थांबून राहतात होय?"

पण आईच ती. बोलून झाल्यावर तिने शिदोरीला कोणते कंद टिकतील याचा विचार सुरू केला.

आश्विनातल्या पौर्णिमेला बेटावरून पत्र आलं. बेटाचं नाव लव्हाळबेट. पत्र घेऊन आले मगरअण्णा. खाडीला मोठी भरती असली की ते पाठीवरून उतारू ने-आण करत. वर्षातून फेऱ्या पाचच: आश्विन, मार्गशीर्ष, माघ, चैत्र आणि वैशाख. वाटेत उतारू खाणार नाही, असं त्यांनी लेखी दिलं होतं. तेही इंग्रजीत, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. एकट्या शलाकाने ते वाचलं होतं. त्यात फक्त सामानाबद्दल लिहिलं होतं. पण साळिंदर गिळायची हौस कुठल्याच मगरीला नसते, म्हणून ती काही बोलली नाही.

पत्र जंगलाच्या नावे होतं. जंगलाच्या नावे काही आलं की ते रणधीरराव गवे यांच्याकडे जाई. गवेसाहेब जंगल विकास मंडळाचे अध्यक्ष होते. स्वभावाने चांगले, अंगाने मोठे, आणि माईक दिसला की डोळे भरून येणारे. त्यांनी सभा बोलावली आणि शलाकाला पत्र वाचायला लावलं.

लव्हाळबेटावरच्या पाणमांजरांच्या शाळेत कासवबाई मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी लिहिलं होतं:

"सप्रेम नमस्कार. आमच्या बेटावर गोड्या पाण्याचं तळं एकच. दोन वर्षांपूर्वी माणसं आली आणि तळ्याकाठी एक इंग्रजी पाटी ठोकून गेली. माणूस पाटी लावतो ती बहुधा मनाईचीच असते, म्हणून तेव्हापासून आम्ही त्या पाण्याला तोंड लावलेलं नाही. शाळेतली चाळीस पिल्लं रोज दोन टेकड्या ओलांडून झऱ्यावर पाणी प्यायला जातात. परत येईपर्यंत त्यांना पुन्हा तहान लागते. आपल्याकडे इंग्रजी जाणणारं कुणी असेल, तर कृपा करून"

इथे पान संपलं.

शलाका पान उलटणार, एवढ्यात गवेसाहेबांनी पुढचा खूर त्यावर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कृपा करून पाठवा," ते म्हणाले. "दुसरं काय असणार? आपल्या जंगलाला आलेलं हे पहिलं परदेशी पत्र आहे. हे असं हाताळून चुरगळायचं नाही."

आणि त्यांनी ते तिथल्या तिथे फ्रेम करून घेतलं. पुढे काच, चारी बाजूंनी सोनेरी पट्टी, मागे पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला सोळा खिळे.

"मागे काय लिहिलंय?" शलाकाच्या आईने विचारलं.

"वहिनी, मागे पुठ्ठा आहे," गवेसाहेब म्हणाले. "पक्का बसवलाय."

शलाकाच्या डोक्यात तेव्हा चाळीस पिल्लं रांगेने टेकडी चढत होती. तिला उद्याच निघायचं होतं. खरं तर मगरअण्णा अजून काठावरच ऊन खात पडले होते, ती त्याच भरतीला जाऊ शकली असती. पण असं तयारीशिवाय कुणी परदेशी जातं का? जात नाही. तसं शुभ्रकांत बगळे यांनीच सांगितलं.

बगळे सर 'परदेशी सेवावर्ष मार्गदर्शन केंद्र' चालवत. ते स्वतः परदेशी कधी गेले नव्हते, पण रोज त्या दिशेला तोंड करून उभे राहत, त्यामुळे त्यांचा अभ्यास दांडगा होता. त्यांनी शलाकाला एकशे वीस तासांच्या वर्गाला बसवलं. पहिले चाळीस तास वर्गासमोर उभं कसं राहायचं, ते शिकवलं. एका पायावर. उरलेले ऐंशी तास दुसऱ्या पायावर.

मग सामानाची यादी. यादीत मच्छरदाणी होती. शलाका एकदाच त्या मच्छरदाणीत शिरली. ती बाहेर आल्यावर डासांना आत जायला चारशे दारं झाली आणि त्यांनी आपापली वाटून घेतली.

मग लस. डॉक्टर अस्वले सुई घेऊन तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले, पण टोचायला मोकळी जागा मिळेना. चौथ्या फेरीत त्यांचा पाय घसरला. डॉक्टरांना अठरा ठिकाणी टोचलं गेलं. आता त्यांना कुठलाही परदेशी रोग होणार नाही.

त्यानंतर बगळे सरांनी तिचा फोटो काढायला घेतला. फोटोत तिने लव्हाळबेटाच्या पिल्लांना जवळ घेतलेलं हवं होतं. शलाका म्हणाली की मी अजून गेलेच नाहीये. सर म्हणाले की तिथे गेल्यावर कामातून वेळ मिळत नाही, हुशार स्वयंसेवक फोटो आधी काढून ठेवतात. पाणमांजराची पिल्लं कुठून आणणार, म्हणून मुंगसाची सहा पोरं ओढ्यात बुचकळून आणली. ती कुडकुडत होती. फोटोत ते भावनेने थरथरल्यासारखं छान आलं.

आणि मग अहवाल. 'माझं सेवावर्ष: काही हृद्य अनुभव.' तोही सरांनी तिच्याकडून आधीच लिहून घेतला. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः घातलं: निरोपाच्या वेळी पिल्लांचे चेहरे ओले झाले होते.

"पाणमांजरांचे चेहरे ओलेच असतात, सर," शलाका म्हणाली.

"म्हणूनच वाक्य खोटं ठरत नाही," सर म्हणाले.

हे सगळं होईपर्यंत मार्गशीर्षाची फेरी येऊन गेली. शलाकाने मगरअण्णांबरोबर चिठ्ठी पाठवली: तयारी जोरात चालू आहे, येतेच.

आता जायचं ते माघात. प्रमाणपत्र मिळालं, शिदोरी बांधून झाली. मुलांनो, इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मग त्या जंगलाची रीत आडवी आली. त्या जंगलात कुणी कुठे निघालं, की त्याला शाल आणि नारळ दिल्याशिवाय सोडत नसत.

पहिला निरोप समारंभ विकास मंडळाचा. मंडप, स्वागतगीत, आणि मधोमध स्टुलावर फ्रेम केलेलं पत्र, हार घालून. गवेसाहेब तासभर बोलले. मग त्यांनी भरल्या डोळ्यांनी शलाकाच्या पाठीवर शाल घातली.

साळिंदराच्या पाठीवर शाल घालून पाहिली आहे का कधी तुम्ही? पाहू नका. घालता येते. काढता येत नाही. काटे आरपार जातात आणि शाल जणू तिथेच उगवल्यासारखी बसते.

घरी आल्यावर आईने एका टोकाला धरून ओढून पाहिलं. शाल टर्र करत फाटायला लागली. नेमके तेव्हाच गवेसाहेब, विसरलेला नारळ द्यायला म्हणून, दारात येऊन उभे राहिले. त्यांनी शालीकडे पाहिलं. खाली मान घालून परत गेले.

आईने शाल सोडली. "राहू दे," ती म्हणाली. "तू जाशील निघून. मला रोज त्यांच्याच वाटेवरून ओढ्याला जायचं असतं."

दुसऱ्या दिवशी रानडुक्कर मित्र मंडळाचा निरोप समारंभ. तिसऱ्या दिवशी वानर क्रीडा मंडळाचा. मग भेकर महिला मंडळ, घुबड वाचनालय, माजी विद्यार्थी, आजी विद्यार्थी, आणि शाळेत न गेलेल्यांची संघटना. एकाने केला म्हटल्यावर दुसऱ्याला करावाच लागतो. बोलणारा प्रत्येक जण स्वतःबद्दलच बोलायचा. रानडुकरांचे अध्यक्ष, आपण तरुणपणी परदेशी जाता जाता कसे राहिलो, ते दोन तास सांगत होते. आणि शलाकाला दोन शब्द बोलायला उभं केलं, की चहा येत असे.

शालीवर शाल चढत गेली. सातव्या समारंभात कुणीतरी नारळही तिच्या पाठीवरच ठेवला. काटा आरपार गेला आणि नारळाचं पाणी तिच्या मानेवरून खाली ओघळलं. सगळे हसले. शलाकालाही हसू आलं, पण मध्येच तिला ती टेकडी आठवली आणि ते हसू तिथेच थांबलं.

माघातली पौर्णिमा उजाडली. मगरअण्णांनी दुसरं पत्र आणलं. ते शलाकाच्या हाती पडलं तेव्हा ती मंचावर होती आणि तिच्या अंगावर बावीस शाली होत्या. तिने तिथेच वाचलं.

"आपण येत आहात हे वाचून आनंद झाला. अवश्य या. पण आम्ही विचारलं होतं, तेवढं आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं. पुन्हा पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. झऱ्याची धार आता करंगळीएवढी झाली आहे. पहिलीतलं एक पिल्लू परवा टेकडीवर चक्कर येऊन पडलं. आता बरं आहे. आपली, कासवबाई."

विचारलं होतं म्हणजे, आपण कधी येणार ते विचारलं असणार, असं शलाकाला वाटलं. तिने माईक हातात घेतला. आजवर तिने तो कधी मागितला नव्हता.

"गवेकाका," ती म्हणाली, "मला आत्ता जाऊ द्या. मगरअण्णा काठाला आहेत. भरती उतरेल."

"जा की," गवेसाहेब म्हणाले. "तुला अडवलंय कुणी? आजचं फक्त ज्येष्ठ घोरपड संघाचं तेवढं राहिलंय."

"पिल्लू चक्कर येऊन पडलं, काका."

गवेसाहेब तिला मंडपाच्या कडेला घेऊन गेले. आवाज खाली आणला. माईक नसल्यामुळे ते अगदी साध्या माणसासारखे, म्हणजे साध्या गव्यासारखे बोलले.

"पोरी, मला कळत नाही का? पण बावीस जणांच्या शाली घेतल्यास आणि नऊ जणांच्या नाही घेतल्यास, तर ते नऊ जण मला दारात उभं करतील का? तू चाललीस बेटावर. मला इथेच राहायचंय."

शलाकाला त्यावर काही सुचलं नाही. तुम्हालाही सुचलं नसतं. मलाही इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

ज्येष्ठ घोरपड संघाचे सभासद अतिशय ज्येष्ठ होते. ते मंडपात पोचेपर्यंतच भरती उतरली. मगरअण्णा रिकाम्या पाठीने गेले. जाताना त्यांनी एकदा मागे वळून मंडपाकडे पाहिलं, असं म्हणतात. मगरींना मागे वळून पाहायला फार त्रास पडतो.

चैत्र आला. एकतीसच्या एकतीस समारंभ पार पडले. आता निरोप द्यायचं कुणीच उरलं नव्हतं, आणि पौर्णिमेच्या सकाळी सगळं जंगल शलाकाला काठावर पोचवायला निघालं.

पोचवायला म्हणजे ढकलायला. शलाका आता गवताच्या गंजीएवढी झाली होती. वर नाक, खाली चार पाय, मध्ये एकतीस शाली आणि कुठे कुठे नारळ. झाडांमधून वाट काढायला तिला आडवं व्हावं लागे, आणि आडवी झाली की ती घरंगळत जाई. हे त्यातल्या त्यात सोयीचं पडलं. मंडळाने आठवण म्हणून फ्रेम केलेलं पत्र तिला भेट दिलं होतं. ते आईने डोक्यावर घेतलं होतं.

मगरअण्णांनी डोळे किलकिले करून पाहिलं.

"पोरी, एकटीच आहेस ना?"

"एकटीच, अण्णा."

"मग या बाकीच्या कोण?"

शलाका त्यांच्या पाठीवर चढली. मगरअण्णा खाली गेले. आधी पाठ बुडाली, मग डोळे बुडाले, शेवटी नाकाचे दोन बुडबुडे तेवढे वर राहिले. ती उतरली. ते वर आले. पुन्हा चढली. पुन्हा बुडबुडे. तिसऱ्यांदा मगरअण्णा म्हणाले, "शाली काठावर ठेव आणि तू चल. शाली न्यायचं मी लेखी दिलेलं नाही."

शलाकाने काठाकडे पाहिलं. एकतीस मंडळांचे एकतीस अध्यक्ष ओळीने उभे होते. प्रत्येकाचे डोळे आपापल्या शालीवर होते. वरच्या आठ शालींखालून घोरपड संघाच्या शालीचं टोक लोंबत होतं. तिने त्या शालीच्या काठाला हात घातला.

"काढ बाई, काढ," ज्येष्ठ घोरपडे म्हणाले. "आमचं काय. आज आहोत, उद्या नाही."

शलाकाचा हात खाली आला.

मग मात्र आईला राहवेना. तिला पिल्लांचं काही ठाऊक नव्हतं, बेटाचं नव्हतं, इंग्रजीचं तर अजिबात नव्हतं. आपल्या पोरीला जायचंय आणि जाता येत नाही, एवढं तिला दिसत होतं. डोक्यावरची फ्रेम सावरत ती पुढे झाली आणि तिने वरून सात शाली एकदम कवेत धरून ओढल्या. पण आईसुद्धा साळिंदरच. तिचे काटे शालींत अडकले, शलाकाचे काटे तिच्या पदरात अडकले, दोघी गोल फिरल्या आणि धाडकन पडल्या. फ्रेम उडाली आणि काठावरच्या खडकावर आपटली.

काच फुटली. सोनेरी पट्टी तुटली. सोळाही खिळे निघाले. पत्र वाऱ्याने उचललं, एक गिरकी घेतली आणि शलाकाच्या नाकासमोर येऊन पडलं.

उलटं पडलं होतं. मागची बाजू वर.

मुलांनो, सहा महिने त्या बाजूला कुणी पाहिलं नव्हतं. तिच्यावर अक्षरं होती. शलाकाने वाचायला सुरुवात केली. आधी मनात, मग मोठ्याने.

"...पाटीवर काय लिहिलं आहे, तेवढं उलट टपाली कळवावं. पाटीवरची अक्षरं खाली जशीच्या तशी उतरवून दिली आहेत. कुणी येण्याची तसदी घेऊ नये. आपली, कासवबाई."

आणि त्याखाली, कासवाच्या संथ, गोल, काळजीपूर्वक हाताने, दोन इंग्रजी शब्द काढले होते.



"काय लिहिलंय गं?" आईने शालींच्या आतून विचारलं.

"ड्रिंकिंग वॉटर," शलाका म्हणाली.

"म्हणजे?"

"पिण्याचं पाणी."

भेकर महिला मंडळाच्या अध्यक्षांनी घसा खाकरला. बगळे सरांनी पाय बदलला. शेवटी गवेसाहेब पुढे आले. त्यांचे डोळे भरून येऊ लागले होते.

"हा अर्थ असा काठावर, उभ्या उभ्या सांगून टाकणं बरं नव्हे," ते म्हणाले. "याचं रीतसर प्रकाशन करू. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चांगला आहे. तोवर कुणी कुठे बोलू नका."

शलाकाने मान मागे वळवली आणि शेपटीजवळचा एक काटा दातांनी उपटला. तेवढीच जागा शालींतून सुटली होती. त्याचं टोक ओल्या काळ्या चिखलात बुडवलं आणि पत्राच्या तळाशी लिहिलं: 'पिण्याचं पाणी आहे. प्या.'

आणि कागद मगरअण्णांच्या जबड्यात ठेवला.

"अण्णा, निघा."

"पोरी, ते पत्र मंडळाच्या मालकीचं," गवेसाहेब म्हणू लागले. पण मगरअण्णा गेले होते. इतक्या वेगाने त्यांना कुणी पोहताना पाहिलं नव्हतं, आणि पुढेही पाहिलं नाही.

अक्षय्य तृतीयेला प्रकाशन झालंच. अर्थ सगळ्यांना आधीच माहीत होता, पण मंडप घातलेला होता. त्याच मंडपात शलाकाच्या अहवालाचंही प्रकाशन झालं. ती गेलीच नाही, हे तिथे जमलेल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. तरीही निरोपाच्या वेळी पिल्लांचे चेहरे ओले झाले होते, या वाक्यापाशी अर्धा मंडप रडला. मुंगसांची सहा पोरं सगळ्यात जोरात रडली. त्यांना ते ओढ्याचं पाणी आठवलं.

बगळे सरांकडे पुढच्या वर्षासाठी बारा जणांनी नावं घातली. ती फुटकी फ्रेम पुन्हा नवी करून घेतली. आत घालायला पत्र नव्हतं, म्हणून फोटो घातला. मागे पुठ्ठा, आणि आता खिळे बत्तीस.

आणि शलाका? ती ओढ्याकाठच्या भुसभुशीत जागी कंद उकरू लागली. शालींमुळे तिला वाकता येत नव्हतं, म्हणून आई उकरायची आणि शलाका कुठे उकरायचं ते सांगायची. वैशाखाच्या उन्हात एकतीस शाली म्हणजे काय, ते तुम्ही स्वतःच समजून घ्या. ती दिवसभर धापा टाकायची आणि दर थोड्या वेळाने खाडीकडे पाहायची. उत्तर पोचलं का? वेळेवर पोचलं का? त्या पहिलीतल्या पिल्लाचं काय झालं? हे तिने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यावरही सभा झाली असती.

वैशाखी पौर्णिमेला वर्षातली शेवटची फेरी आली. मगरअण्णांच्या पाठीवर एक गाठोडं होतं आणि गाठोड्यावर पत्र. शलाका काठापर्यंत घरंगळत गेली. गवेसाहेब वाटेत आडवे आले. पण या वेळी तिने पत्र आधी उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. मग पुढून वाचलं.

"आपलं उत्तर मिळालं. पिल्लं पाणी प्यायली. तीन दिवस ती दुसरं काहीच करत नव्हती, त्यामुळे शाळा भरली नाही. पहिलीतलं ते पिल्लू तर तळ्यातून बाहेर यायलाच तयार नाही, त्याचा वर्ग आम्ही आता तळ्यातच घेतो. एवढ्या लांबून, काहीही ओळख नसताना, आपण आमच्यासाठी चार शब्द लिहिलेत. बेटावर सभा झाली. हे ऋण कसं फेडावं, यावर दोन दिवस चर्चा झाली आणि एकमताने ठरलं. सोबत पाठवत आहोत. गोड मानून घ्यावं."

आईने गाठोडं सोडलं.

आत एक शाल होती. आणि एक नारळ.

सगळं जंगल शलाकाकडे पाहू लागलं. शलाका त्या शालीकडे पाहत राहिली. मग तिला हसू आलं, आणि या वेळी ते मध्ये कुठे थांबलं नाही. तिने मान खाली घातली आणि आईने बत्तिसावी शाल तिच्या पाठीवर घातली.

ती लव्हाळ्याची विणलेली होती. वाटभर खाडीतून आली होती, म्हणून अजून ओली होती. बत्तीस शालींत तेवढी एकच गार होती.

तात्पर्य: मुलांनो, मदत मागणारं पत्र आलं तर ते कधी उलटून पाहू नये. मागच्या बाजूला बहुतेक वेळा चार शब्दांचं काम निघतं, आणि चार शब्दांच्या कामाला मंडप घालता येत नाही.